झाकणावरची टेप

ता. १४, शुक्रवार

चिरंजीव धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तोंड शाबूत आहे. तुझ्या चिमणीचा पुढचा दात पडला, त्यामुळे ती हसताना तोंडावर हात धरते. तुझी बायको काल येऊन गेली. ह्या पत्रातलं मी तिला काहीच सांगितलेलं नाही.

पत्र किराण्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. साहेबांच्या तळ्याकाठच्या त्या बंगल्यावर फोन लागत नाही, आणि वायरलेसवर तुझ्याऐवजी त्यांचा मॅनेजर येतो. "देतो निरोप," म्हणतो. त्याच्या आवाजावरूनच कळतं की निरोप तिथेच बसलाय.

"ताई, तू तुझे नटबोल्ट सांभाळ, विमान उडवायचं मला कळतं," असं तू हँगरमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास. तेव्हापासून मी तुझ्यावर राग धरून बसले होते. आता तेवढी चैन परवडत नाही.

परवा हँगर झाडताना मागच्या फेरीतला एक डबा सापडला. पोहण्याच्या तलावात घालतात त्या पातळ क्लोरीनचा. फुगून गोल झाला होता. त्याच्या झाकणात वायू बाहेर पडायला बारीक भोक ठेवलेलं असतं, आणि त्यावर काळी टेप, आडवी-उभी, पदरावर पदर. लहानपणी तू चेंडूला लावायचास अगदी तशी. का लावलीस तेही कळलं. साहेबांच्या सुनेने वासाने नाक मुरडलं असणार, मग तू वास बंद केलास. मी टेपचं टोक जरा उचललं, तर फस्स करून जे बाहेर आलं त्याने संध्याकाळपर्यंत डोळे उघडवेनात. आणि मी जमिनीवर होते, दार सताड उघडं होतं.

भाड्याच्या विमानात आपण प्रत्येक पिशवी विचारून चढवतो. मालकाच्या स्वतःच्या विमानात कोण विचारणार? "घरचं सामान" म्हटलं की चढवायचं, अशी आपल्याकडे रीतच पडलीय. तू म्हणशील, खाजगी विमानाला नियमात सवलत आहे. आहे ना, औषधाला, दाढीच्या फेसाला, अत्तराच्या बाटलीला. क्लोरीनच्या डब्यांना नाही. विमान कोणाचं हे बघून डबा फुटत नाही.

रविवारी साहेब बंगला बंद करून परतणार आणि उरलेले सगळे डबे बरोबर आणणार, हे मॅनेजरनेच सांगितलं. काही टाकून यायचं म्हणजे साहेबांच्या जिवावर येतं. मागच्या सीटवर सून आणि नात, त्यांच्या मागे डबे. आणि झाकणांवर तू पुन्हा नीट टेप लावणार, कारण तू प्रत्येक काम मन लावून करतोस. ह्या आठवड्यात उकाडा किती आहे, बघतोयस ना? विमान वर गेल्यावर वेफर्सचं बंद पाकीट कसं टम्म फुगतं, ते चिमणीला तूच दाखवलं होतंस. डब्याच्या बाबतीत तुझ्या डोक्यात ते का येत नाही, याचा मला संताप येतो. डबा फुटला तर तुला समोरचं काही दिसणार नाही रे.

काम नसताना घरी बसून होतास, तेव्हा ह्याच साहेबांनी तुला बोलावून घेतलं, हे मी विसरलेले नाही. त्यांना नाही म्हणायचं तर तुझी जीभ उचलत नाही. म्हणूनच मी जे केलं ते केलं.

मघापासून आईचा गुडघा नि चिमणीचा दात लिहून लांबवतेय. काल मी विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. तो डबा टेपसकट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तुझं नाव सांगितलं. त्यांनीही वायरलेस लावला, त्यांनाही मॅनेजरच भेटला. बंगल्याच्या धावपट्टीवर त्यांचा माणूस नाही. "उतरल्यावर बघू," म्हणाले. किती सहज म्हणाले.

तुझा परवाना जाईल. डबे तिथेच टाकून आलास तरी जाईल, कारण मागच्या फेरीचा पुरावा मीच दिलाय. साहेब मलाही कामावर ठेवणार नाहीत. आईला अजून पत्ता नाही.

हे पत्र उडण्याआधी हातात पडलं तर डबे खाली काढ. साहेब ओरडले तर ओरडू देत. ड्रायव्हर म्हणतो, वरचा रस्ता खचलाय, पोचेन तेव्हा पोचेन.

रविवारी मी धावपट्टीच्या कडेला त्या अधिकाऱ्यांच्या शेजारी उभी असेन. मला तिथे बघून तुझ्या तळपायाची आग मस्तकात जाईल. जाऊ दे. माझं तोंड बघू नकोस, जन्मभर बोलू नकोस. पण खाली उतर.

आभाळाकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई