तेवीस भिंतींवर माझं तोंड

तीर्थरूप वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा लांबूनच वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डावा दुखतो म्हणाला होतात, आता उजव्याने उचल खाल्ली असेल तर निदान डाव्याला सुट्टी मिळाली असेल. भावोजींचा खोकला गेला का, की त्यांनीच त्याला ठेवून घेतलाय? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं यापुढे लिहायची रीत आहे. ती ओळ मी आज लिहिणार नाही. वन्सं, मी सुखरूप नाही. मी भिंतीवर आहे. एका नाही, तेवीस भिंतींवर, खिळ्याला टांगलेली, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी माझं तोंड उघडं आहे.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला ऊन लागलं. (चौथीनंतर मी शाळेकडे फिरकले नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे आधी घडलेलं आधी येईलच असं नाही, पण रेटून बघते.) तुमचे बंधू नकाशांच्या कचेरीतून रिटायर झाले त्याला दोन वर्षं झाली. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातला प्रत्येक दरवाजा मोजला. दुसऱ्या महिन्यात माझी रिळं रंगवारीने लावली, आणि मला काळा दोरा सापडेना, कारण तो गडद निळ्याच्या डब्यात पाहुणा म्हणून राहायला गेला होता. शेवटी मी हात जोडले. म्हटलं, अहो, माझ्या पायात पायात करू नका, कागद घ्या, ब्रश घ्या आणि डोळ्यांसमोर दिसेल ते काढत बसा. माणूस आयुष्यात एकदाच बायकोचं ऐकतो आणि ते असं ऐकतो.

तर इथे चित्रं काढणाऱ्यांची एक टोळी आहे. त्यात पोस्टातली एक बाई आहे, एक न्हावी आहे, एक बसवाला आहे, त्यात आता हे. सगळ्यांची चित्रं तळहाताएवढी. का, तर म्हणे लोकांच्या भिंतींवर तेवढीच जागा असते. (मी लोकांच्या घरी पडदे लावते. जागा किती असते ते मला कुणी सांगू नये.) चित्र एकच काढायचं, त्याची दुसरी प्रत नाही. ज्याला हवं त्याच्या घरी पोचवायचं, त्याने महिनाभर भिंतीवर लावून बघायचं, सवय झाली तर ठेवून घ्यायचं, नाहीतर परत. असं घेणाऱ्यांना संग्राहक म्हणतात. आमच्याकडे जुनी वर्तमानपत्रं आणि बाटल्या न्यायला जो येतो त्याला मी हा शब्द म्हणून बघितला. तो पुढच्या आठवड्यात आलाच नाही.

आणि ही चित्रं पोचवायची कुणी? मी. पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी घेऊन घरोघर जायचं माझ्याच नशिबी, तेव्हा जाता जाता एवढं देतेस का, हे तुमच्या बंधूंचं ठरलेलं. ते चित्र दोन पुठ्ठ्यांत घालून दोऱ्याने बांधून द्यायचे, मी त्यावर पडद्याच्या उरल्या कापडाची खोळ शिवायची, तोंडाला टाके घालायचे आणि नेऊन द्यायचं. आत काय आहे ते मी कधी बघितलं नाही. एकदा बघितलं होतं, खोटं कशाला बोलू. अगदी पहिलं चित्र, पाण्याचं भांडं. ते हातात धरून माझ्या मशीनपुढे उभे राहिले. माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्या काढून मी म्हटलं, भांडं आहे हे दिसतंय मला, घरात तसली सात आहेत. त्यानंतर त्यांनी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. मी आपली धरून चालले की भांडीच काढत असतील. तेवीस खोळी शिवल्या वन्सं. तेवीस वेळा स्वतःला पिशवीत घालून वरून टाके मारले आणि लोकांच्या दारात नेऊन दिलं, वर पोचल्याची सही घेतली.

गेल्या सोमवारी दातांच्या डॉक्टरांच्या घरी बैठकीच्या खोलीचे पडदे लावायला गेले होते. स्टुलावर चढून दांडी बसवत होते, तर टेलिफोनच्या वर एक छोटी चौकट दिसली. तिच्यात एक स्वेटर होता. कोपराला तपकिरी ठिगळ, घाईत उलट्या बाजूने लावलेलं. आधी मी ठिगळ ओळखलं, कारण ती चूक माझीच. मग मशीनचं चाक ओळखलं. मग त्या मशीनवर डोकं टाकून पडलेली बाई कोण म्हणून पुढे वाकले. मान मुरगळलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंड असं उघडं की पाखराने आत घरटं बांधून पिल्लंही मोठी केली असती. स्टुलावरून मी खाली कशी आले ते मला आजही सांगता येणार नाही. परक्याच्या घरी, परक्याच्या टेलिफोनवर, मी घोरत होते.

डॉक्टर आत आले. त्यांना वाटलं मी कौतुकाने बघतेय. म्हणाले, "अकरा नंबरचं आहे. नाव 'दुपार'. महिन्यासाठी मागवलं आणि पहिल्याच दिवशी ठरवलं, हे परत द्यायचं नाही."

"असं काय बघितलंत तिच्यात?"

"तोंड. तीस वर्षं लोक माझ्यापुढे तोंड उघडतात ते भीतीने. इतक्या निवांतपणे उघडलेलं तोंड मी बघितलं नव्हतं. फक्त खालची डावी दाढ बघा, बाईंनी लक्ष द्यायला हवं."

माझी जीभ आपोआप त्या दाढेवर गेली. ती दोन महिने ठणकतेय. मी आ केला. तेव्हा कुठे डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा चित्राकडे बघितलं आणि खुर्चीत बसले. वन्सं, नऊ वर्षं मी त्यांचे पडदे शिवतेय, आणि ओळख पटायला दाढ दाखवावी लागली. मी म्हटलं, हे माझं तोंड आहे, मला परत द्या. ते म्हणाले, तोंड तुमचं, चित्र माझं. दाढेसाठी मात्र गुरुवारी या.

घरी कशी आले विचारू नका. तुमचे बंधू बाल्कनीत ब्रशला टोक करत बसले होते. मी विचारलं, सगळ्यांत मीच?

"तेवीसांत तू. एक भांडं आहे, ते मी कुणाला दिलं नाही."

"जगात दुसरं काही नव्हतं काढायला?"

आता उत्तर ऐका. "फुलं सुकतात," म्हणाले. "फळं मांडली की तू कापून ताटलीत देतेस. तू एकदा झोपलीस की पाऊण तास हलत नाहीस."

"मी काय टेकडी आहे?"

"तूच म्हणालीस, डोळ्यांसमोर दिसेल ते काढा. मला तूच दिसतेस, खोली केवढीशी आहे."

यानंतर मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, पुन्हा हातात ब्रश दिसला तर त्याच ब्रशने मोरी घासून घेईन असा त्याचा सारांश. मला वाटलं भांडतील. भांडले नाहीत. ब्रश धुतले, पुसले, खणात ठेवले, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. बरोबर संग्राहकांची यादी दिली, नंबर, नाव, पत्ता, नकाशेवाल्याच्या अक्षरात. म्हणाले, तू मागितलंस तर देतील, तुला कोण नाही म्हणणार.

नाही म्हणणारी पहिलीच भेटली. निवृत्त मुख्याध्यापिका, सोळा नंबर. त्यांच्या लिहायच्या टेबलासमोर मी उभी आहे, पाय ओले, बोट वर, नळ दुरुस्त करणाऱ्याला झापतेय. नळवाला चित्रात नाहीच, कोपऱ्यात फक्त पाना धरलेले त्याचे दोन हात आहेत, पण त्या हातांवरूनही कळतं की तो पुन्हा या घरी यायचा नाही. (आला नाही. नळ अजून गळतो.) बाई म्हणाल्या, "ही नोकरीत असताना माझ्याजवळ असती तर निम्म्या समित्या मी बरखास्त केल्या असत्या. आयुष्यभर सगळ्यांना हो म्हणत आले. आता फोन वाजला की आधी हिच्याकडे बघते, मग उचलते." मी सांगितलं, ही म्हणजे मी, आणि मला हे परत हवंय. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाही." अशी बोलती माझी आजवर कुणी बंद केली नव्हती, आणि केली तीही माझ्याच जिवावर.

तिथून घड्याळवाल्याकडे, सात नंबर. एकटा माणूस, दुकान पुढे, घर मागे, मधला पडदा माझाच. कामाच्या टेबलावर, हात पोचेल इतक्या जवळ, मी सुईत दोरा ओवतेय, एक डोळा मिटून. मी खेकसूनच सांगितलं की हे मला हवंय. त्याने हुज्जत घातली नाही. म्हणाला, "तुमचंच आहे. आठ तास इथे एकटा बसतो, ही समोर तसलंच बारीक काम करत असायची, बरं वाटायचं." खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं, आणि स्वतःचं डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं. "न्यायच्या आधी एकदा नीट बघा."

बघितलं वन्सं. केस एकेक काढलाय, पांढरे पांढरे आणि काळे काळे, लबाडी नाही. डाव्या बोटाच्या पेरावरची सुई घुसल्याची खूण आहे, ती मी स्वतः विसरले होते. आणि मी रागावलेली नव्हते. कामाला बसले की माझा चेहरा कायम रागावलेला असतो असं मी पन्नास वर्षं समजत होते. त्या चित्रात मी नुसती दोरा ओवत होते. भिंगातून मी किती वेळ बघत होते कोण जाणे, घड्याळवाल्याने मधे दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. हा मला सोमवारपेक्षा मोठा धक्का होता. खिळा तिरका होता. तो सरळ ठोकून दिला, चित्र परत लावलं आणि आले.

बाकीच्या वीस घरी मी गेले नाही. पाय दुखतात. पण म्हणून मी माफ केलं असं कुणी समजू नये. न विचारता बायकोचं तोंड घरोघर वाटायचं ही कुठली रीत? तुम्ही थोरल्या आहात, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. चार खडे बोल लिहा आणि पुन्हा असा चावटपणा करणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घ्या. भावोजींना नमस्कार सांगा. तुमच्या उशांचे अभ्रे तयार आहेत, वेगळे पाठवते.

तुमची,
भिंतीवरची भावजय

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी यादी पुन्हा वाचली. दोन नंबरला तुमचं नाव आहे. तेवढी एक खोळ ते स्वतः पोस्टात घेऊन गेले होते, ती कुठे गेली ते आत्ता कळलं. वन्सं, तुमचं. तुम्ही दोन वर्षं मला गुडघ्यांबद्दल सहा-सहा पानं लिहिता आणि ही गोष्ट एका ओळीनेही लिहीत नाही. मी कशी आहे तुमच्याकडे, झोपलेली की भांडणारी? आणि कुठल्या खोलीत? न्हाणीत असेन तर बाहेर काढा.

दुसरा ता. क. वर लिहिलेले खडे बोल तूर्त राहू द्या. चार दिवस झाले, तुमचे बंधू काहीच काढत नाहीत. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी कुरबुर करतील, मी थोडं ताणीन आणि सोडून देईन. तर कुरबुरही नाही. माझ्या कात्र्या लांबीप्रमाणे टांगल्या, मग बाल्कनीत रिकाम्या हातांनी बसले. मी खणाची किल्ली त्यांच्या ताटाशेजारी ठेवते. ते ती उचलतात, "तुझी किल्ली राहिली" म्हणतात आणि माझ्या हातात देतात. त्यांना समजत नाही आणि मला बोलता येत नाही. पोस्टातली बाई विचारून गेली की चोविसावं कधी. तर तुम्ही त्यांना असं लिहा की मला आणखी एक चित्र हवंय, लगेच हवंय, आणि भांड्याचं नको. तुम्ही मागितलंत असंच वाटलं पाहिजे. मी काही म्हटल्याचं त्यांना कळलं तर अभ्रे विसरा.

तिसरा ता. क. लिहिताना सहज आठवल्यासारखं हेही घाला की मशीन आता खिडकीशी हलवलंय, असं तुमच्या कानावर आलंय. तिथे उजेड चांगला येतो. हलवलेलं नाही अजून, पण तुमचं पत्र पोचेपर्यंत मी एकटीने ढकलून घेते.