कोरडे केस

सोमवार, ५ फेब्रुवारी

आठ महिने झाले. वही, रागावू नकोस. शेवटची नोंद आई गेली त्या आठवड्यातली, तीही अर्ध्या वाक्यावर तुटलेली. मग 'उद्या लिहू' म्हणता म्हणता... असो. आज लिहायला कारण घडलंय.

कन्या खोटं बोलते आहे.

महानगरपालिकेच्या युवा केंद्रात ती पोहायला जाते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते साडेपाच. आज आली, कॉस्च्युम दोरीवर टाकला, ओलाचिंब. केस मात्र ठणठणीत कोरडे! कॉस्च्युम हुंगला. तलावाच्या औषधाचा वास नाही. आमच्याच नळाचं पाणी! "टोपी घातली होती," म्हणाली. टोपी कपाटात, घडीसुद्धा मोडलेली नाही.

मंगळवार, ६

पंधरा वर्षांच्या मुलीचे कपडे हुंगणारी आई! लाज वाटते. पण एकेक आठवतंय. मधल्या सुट्टीत शाळेतून रोज फोन — "आई, काय करतेस? बाहेर पडलीस का?" मला वाटायचं माया. आता वाटतं, मी घरातून हलले का याची खात्री करून घेते. प्रेसच्या मालकांचा फोन आला तर मला देतच नाही. (घरी बसून प्रुफं तपासते मी त्यांची.) "काका, आई कामात आहे." मी पलंगावर पडलेली, आणि ही इतकी सराईत!

संध्याकाळी बाल्कनीत फोनवर कुणाला तरी हळूच सांगत होती — "आज बरं आहे. सकाळी आंघोळही झाली." कसले हे संकेत?

ह्यांना फोन केला. बदलीच्या गावी बसून माणसाला सगळंच सोपं. "पोहतेय तर पोहू दे की!"

बुधवार, ७

मागे गेले. हो, गेले तिच्या मागे. कितीतरी दिवसांनी एवढं चालले, पोटऱ्यांत गोळे आले.

केंद्राच्या फाटकावर पाटी: फरशीच्या कामासाठी तलाव १५ जानेवारीपासून बंद. पंधरा जानेवारी! कन्या सरळ जिना चढून वर, मीही मागोमाग. खोली सात. आत सहा-सात मुलं, एकाला मिसरूड फुटलेलं. दार लागलं. वॉचमन मागून येऊन म्हणाला, "बाई, वर पालकांना मनाई आहे."

पालकांनाच!

गुरुवार, ८

पालिकेच्या युवा विभागात फोन केला. तीन टेबलं फिरून एक कारकून सापडले. "खोली सात? घरात कुणी आजारी असलं की पोरांवर सगळं येऊन पडतं ना, तशी मुलं येतात तिथे. बसतात, बोलतात, एक समुपदेशक बाई असतात. जागा बाराच, यादी ही एवढी लांब. तुमच्याकडे कोण आजारी आहे?"

"कोणीच नाही," म्हटलं.

मिसरुडाची भीती गेली. पण हे तर त्याहून वाईट! आमच्या धडधाकट घरातल्या मुलीने एखाद्या खरोखर गांजलेल्या पोराची जागा अडवली. कशासाठी? कुणी कीव करावी म्हणून?

विभागाला पत्र लिहिलं. खोट्या माहितीबद्दल क्षमा असावी, जागा रिकामी समजावी. दोनदा वाचून शुद्धलेखन तपासलं. स्वतःच्या लेकीची तक्रार स्वतःच करायची! सूड तर नाही ना हा? नाही. न्याय तो न्याय.

शुक्रवार, ९

सकाळी पत्र तिच्यापुढे ठेवलं. "कोण आजारी आहे या घरात? सांग ना!"

रडली नाही. भांडली नाही. आतून एक गठ्ठा आणून पलंगावर ठेवला. प्रेसची प्रुफं, सप्टेंबरात आलेली. सुतळीची गाठ त्यांनी मारली तशीच.

"काकांना अजून किती महिने सांगू, आई?"

मग शाळेला उशीर होतोय म्हणत कुकर लावायला गेली. कुकर ती कधीपासून लावते, मला आठवेना.

रविवार, ११

पत्र फाडलं.

उद्या: डॉक्टरांची वेळ घेणे. नाव विचारलं तर माझं सांगणे.