पाण्यात पांढरं होणारं औषध

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नीट बोलत नाही अशी तुझी तक्रार आहे, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर माणूस गप्प बसला तर समोरच्याला ते ऐकू येतं, पत्रात येत नाही, एवढाच फायदा.

ही गेली त्याला आता हिवाळा उलटत आला. घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान चालू आहे. घड्याळ दुरुस्तीला फारसं कुणी येत नाही, बहुतेक जण सेल बदलून निघून जातात. एक निवृत्त पोस्टमास्तर मात्र दर आठवड्याला त्यांचं घड्याळ घेऊन येतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. मी ते उघडतो, फुंकर मारतो, पुन्हा लावतो. दोघांनाही ते ठाऊक आहे.

घर घाणेरडं ठेवलं असेन अशी शंका काढू नकोस. आजारपणात डॉक्टरांनी बजावलं होतं की हिच्या अंगात जंतूंशी झगडायची ताकद उरलेली नाही, जवळ जाण्याआधी हात धुवा. तेव्हा ते जंतुनाशक आणलं होतं, तपकिरी, पाण्यात टाकलं की पांढरं होणारं. ती सवय तशीच राहिली. हात त्यानेच, लादी त्यानेच. पाणी मात्र मी आता घालत नाही. औषध पातळ करून जंतूंची कीव कशाला करायची.

अलीकडे दुपारी एक करडी मांजर येऊन काउंटरवर बसते. तिला मी मालकीणबाई म्हणतो, कारण गिऱ्हाइकाकडे ती त्याच नजरेने बघते. बोटं जरा फाटलीत, थंडी असेल. काल एका लेडीज घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून निसटला आणि बोटांना पत्ताच लागला नाही.

मुलाला, सुनेला आणि नातीला माझी आठवण सांग. तुझा लोभ आहेच, तो असाच अधूनमधून टपालात टाकत जा.

तुझा,
धाकटा


२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. थंडीने बोटं फाटतात, पण हातातला स्क्रू निसटलेला कळू नये असं होत नाही. सगळी नोकरी मी वॉर्डात काढली आहे, तेव्हा हे पत्र संपेपर्यंत तू भाऊ नाहीस, पेशंट आहेस.

जंतूला एक पातळ आवरण असतं. हे औषध ते आवरण फोडतं, आतलं बाहेर गळतं आणि जंतू मरतो. पण तुझी कातडीही अशाच बारीक पेशींची बनलेली आहे, आणि त्यांनाही आवरण आहे. बाटलीवर लिहिलेल्या मापाने पाणी घातलं की जंतू मरतात आणि कातडी बचावते. नुसतंच ओतलंस तर औषधाला दोघांतला फरक कळत नाही. पांढरं होतं म्हणजे ताकद गेली असं तुला वाटत असेल. तसं नाही रे. त्यातला तेलकट भाग पाण्यात बारीक विखुरतो, म्हणून ते तसं दिसतं.

रोजच्या हातांना साबण आणि पाणी भरपूर झालं. हे औषध कापल्या-खरचटल्यासाठी, तेही जखम आधी वाहत्या पाण्याने धुऊन, मापात, एकदा. सारखं लावत बसलं तर जखम भरायची राहते, कारण येणारी नवी कातडीच सगळ्यात नाजूक. ब्लीचमध्ये ते मिसळू नकोस. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नकोस, तसं चुकून प्यायलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि तुझ्या मालकीणबाईंना त्या लादीवर फिरू देऊ नकोस. मांजर पंजे चाटते आणि तिच्या शरीराला हे विष पचवता येत नाही.

माझं म्हणशील तर सकाळी तिघं तीन दिशांना जातात. सूनबाई जेवण झाकून ठेवून जाते, फार चांगली पोर आहे. मी काही करायला उठले की मुलगा म्हणतो, आयुष्यभर केलंस, आता बस. मग मी बसते. समोरच्या इमारतीतल्या बाईचे वाळत घातलेले कपडे मला पाठ झालेत. या आठवड्यात तिची निळी साडी दिसली नाही, तर मला उगाच काळजी लागून राहिली.

हातांचं खरं काय ते उलट टपाली कळव. उत्तर आलं नाही तर माझ्या रागाचा पत्ता तुला ठाऊक आहे.

तुझी,
ताई


२९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, पण मालकीणबाई त्याच्या आदल्या दुपारीच आजारी पडल्या.

सकाळी लादी पुसली होती, नेहमीसारखी, पाणी न घालता. ती त्यावरून चालत आली, काउंटरवर बसली आणि पंजे चाटू लागली. दुपारी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उठली तर मागचे पाय लटपटत होते. मी तिला बाजाराच्या पिशवीत घातलं, कशाने झालं असेल ते मनात आलंच होतं म्हणून बाटलीही घेतली, आणि दुकान उघडं टाकून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाटली आणलीत हे बरं केलंत, असं त्या म्हणाल्या. सौम्य साबणाने त्यांनी तिचे पंजे आणि पोट पुन्हा पुन्हा धुतलं. तिच्या जिभेवर फोड आले होते. उलटी करवायची का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या, जाताना भाजलं तेच वर येताना पुन्हा भाजेल. मग सलाइन लावून तिला ठेवून घेतलं, आणि मला हात पुढे करायला सांगितले. दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिले आणि माणसांच्या कातडीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

ते डॉक्टर म्हणाले, हात भाजलेत, फक्त सावकाश भाजलेत. बरे होतील, पण तोवर काम बंद. मी सगळ्यांची घड्याळं तशीच परत केली. पोस्टमास्तरांना त्यांचं देऊ लागलो तर त्यांनी ते परत माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, राहू दे तुमच्याकडे.

मांजर वाचली. सोडलं तेव्हा समोरच्या भिंतीवर जाऊन बसली. दार उघडं ठेवलं तरी आत येत नाही.

ताई, तू विचारलं नाहीस, पण सांगतो. मी जंतूंना घाबरत नव्हतो. आता कुणासाठी घाबरू. ते सगळं त्या वासासाठी होतं. बाहेरून येऊन दार उघडलं आणि तो वास आला की वाटायचं, ही आतल्या खोलीत पडली आहे, आधी हात धुवायचे आणि मग आत जायचं. मी हात धुवायचो. तेवढा वेळ ती असायची. वास उतरला की मी पुन्हा लादी पुसायचो. आतल्या खोलीचं दार मात्र ती गेल्यापासून उघडलेलं नाही.

पेनही नीट धरवत नाही, म्हणून थांबतो. अक्षरावरून हसू नकोस, एरवी कितीही हस.

तुझा,
धाकटा


५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुला रागवायला पानभर लिहिलं आणि फाडून टाकलं.

नोकरीत असताना मला तो वास नकोसा व्हायचा. घरी आले की आधी अंघोळ. निवृत्तीनंतर एकदा शेजारणीच्या सोबतीला दवाखान्यात गेले, तो वास आला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. वाटलं, आत्ता कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारेल. कुणी मारली नाही. बाकावर बसून मी शेजारणीच्या चपला सांभाळल्या. तेव्हा तू काय करत होतास ते मला कळतं.

पण आता खिडक्या उघड. लादी कुणाकडून तरी साध्या पाण्याने पुसून घे. हातांना दिलेलं मलम लाव आणि वरून सुती हातमोजे घाल. बाटली फेकायची नाही, झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर ठेव. औषध वाईट नाही.

आतली खोली आपण दोघं उघडू. मी येतेय. या वयात एकटी कशी जाणार, असं मुलाने विचारलं. मी त्याला म्हटलं, मी परवानगी मागत नाही, गाडीची वेळ सांगतेय. तोवर स्वतःशी जरा मायेने वाग. उरलेली माया मी घेऊन येते.

तुझी,
ताई


२ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पोचल्याचा फोन केला होता, पण बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

तुझे मामेसासरे स्टेशनवर पांढरे हातमोजे घालून उभे होते, बँडमास्तरसारखे. बॅग त्यांना उचलवेना आणि मलाही, म्हणून आम्ही ती दोन बाजूंनी ओढत आणली. घरात सगळ्या खिडक्या उघड्या आणि गारठा. कसलाच वास नव्हता. ते सारखे नाक ओढून बघत होते.

दुसऱ्या दिवशी आतली खोली उघडली. गादीवरची चादर तशीच चुरगळलेली होती. मी ती काढायला लागले तसे ते भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, आजारपणाच्या आधी ती कशी होती ते आठवतच नाही, फक्त वास आठवतो. मग मी सांगत बसले. ती घड्याळजीची बायको असून सगळीकडे उशिरा पोचायची, लग्नाच्या दिवशीसुद्धा. नवऱ्याला ताटकळत ठेवून वर त्यालाच घाई करायची. यावर ते हसले, आणि मग बराच वेळ रडले. मी चादर धुवायला टाकली.

परवा भाजी चिरताना माझं बोट कापलं. त्यांनी मोजे काढून साबणाने हात धुतले, माझं बोट नळाखाली धरलं, बाटली खाली काढून लेबल वाचलं आणि मापाने पाण्यात औषध घातलं. एकदाच पुसलं, कोरडं केलं, स्वच्छ पट्टी बांधली. वॉर्डात मी कितीजणांना पट्ट्या बांधल्या असतील, मला बांधणारं कुणी कधी भेटलं नव्हतं.

बोटांवर नवी गुलाबी कातडी आली आहे, पण तिला अजून बारीक गोष्टी कळत नाहीत. काल पोस्टमास्तरांचं घड्याळ उघडलं तर स्क्रू सारखा पडत होता. मी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी पडून शोधला. माझ्या बोटांना तो स्पष्ट जाणवतो. मला वाटतं, मी हे काम शिकेन. मांजर उंबरठ्यापर्यंत येते, बघते आणि परत जाते. आम्ही तिला बोलवत नाही.

पोरी, तुमच्या घरी मला कशाची कमी नव्हती, हे मुलाला नीट समजावून सांग. त्याला उगाच लागेल. माझे गरम कपडे आणि वाचायचा दुसरा चष्मा टपालाने पाठवून दे. माझं कपाट रिकामं करा आणि ती खोली नातीला अभ्यासाला द्या. खिडकीजवळ टेबल लावा, तिथे उजेड चांगला येतो.

तिघांना माझा आशीर्वाद. वर्षातून एकदा तुम्ही या, एकदा मी येईन.

तुझी,
सासूबाई