माझ्या वाट्याचा अर्धा भाग

माय, तुला जाऊन आता आठ वर्षं झाली, आणि मी पुन्हा आपल्या कॅथलिक चर्चमध्ये जायला लागलो आहे. पुलगावच्या नाही, इथल्या, वर्ध्याच्या. पिपरी मेघेहून स्कूटरने जातो. हे तुला सांगावं असं कितीदा वाटलं, पण लिहायला बसलो की आधी दुसरंच काही लिहावं लागेल हे कळायचं आणि मी वही मिटून टाकायचो. मधली वर्षं दुसऱ्या पंथाच्या फेलोशिपमध्ये होतो, तेव्हा तर मेलेल्या माणसाशी असं बोलणंच चूक मानत होतो. आजही पहिली ओळ दोनदा खोडली.

मला सिस्टरांच्या होस्टेलचं ते स्वयंपाकघर दिसतं. बाबा लवकर गेले आणि तू तिथे स्वयंपाकाला लागलीस. संध्याकाळ आहे, तू मुलींच्या पोळ्या लाटते आहेस, मी तांदळाच्या पोत्यावर बसलो आहे. तुझे हात पिठाचे, म्हणून जपमाळ माझ्या हातात. नमो मरियेचा पहिला अर्धा भाग तू म्हणायचीस, दुसरा मी. आपल्याकडे ती प्रार्थना अशी वाटूनच घेतलेली असते, एकाने सुरू करायची, दुसऱ्याने पुरी करायची. माझं लक्ष उडालं की तू लाटणं थांबवायचीस. ‘काऊन रे, झोपला का? मरियामाय तिकडे ताटकळून राह्यली,’ म्हणायचीस, जशी काही ती दारात उभी आहे आणि मी कडी काढत नाही.

मी पापाला फार घाबरायचो. एका शनिवारी फादरसमोर पापं सांगून, कन्फेशन करून निघालो, फाटकापाशी एक विसरलेलं पाप आठवलं म्हणून परत गेलो. घरी पोचतो तर आणखी एक आठवलं. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा तू माझी कॉलर धरलीस. ‘अरे, फादरले चहा तरी पिऊ दे! देवाले तुह्याशिवाय दुसरं काम नाई का?’ तू हसत होतीस आणि मला रडू येत होतं. पुढे कॉलेजात एका मित्राने मला फेलोशिपमध्ये नेलं. तिथे सांगितलं, एकदा मनापासून विश्वास ठेव, तारण झालं, आता धास्ती नको. सगळं लहानपण धास्तीत काढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, तूच बघ. ते लोक चांगले होते, हेही लिहायला हवं. दवाखान्यात तुला रक्त द्यावं लागलं तेव्हा त्यांच्यातलेच तिघे धावत आले. बायकोही मला तिथेच भेटली.

नदीवर दुसरा बाप्तिस्मा घेऊन ओल्या केसांनी घरी आलो, तेव्हा तू टॉवेल पुढे केलास. ‘काऊन रे, पहिल्या बाप्तिस्म्याले भोक पडलं होतं का?’ मी हसलो नाही. बायबल उघडून तासभर तुला वचनं दाखवत बसलो. मरियेकडे मागणं कसं चूक, मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं कसं व्यर्थ. तू मेथी निवडत सगळं ऐकलंस. शेवटी म्हणालीस, ‘बरं. जेवून घे आता.’

आता ती दुपार. दवाखान्यात कूलर घरघरतो आहे, बायको डबा आणायला गेली आहे. तू तोंडावरचा मास्क जरा बाजूला सारतेस आणि नमो मरिया सुरू करतेस. अर्ध्यावर येतेस, थांबतेस, माझ्याकडे बघतेस. मला सगळे शब्द येतात, माय. पण मी गप्प आहे, कारण ज्यावर आपला विश्वास नाही ते आईच्या समाधानासाठी म्हणणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं, असं मी ठरवलेलं आहे. माझ्या वाट्याचा भागही तूच म्हणतेस, धापा टाकत. आणि मरणाच्या घटकेसाठीची विनंती तर त्या भागातच आहे. तू पुन्हा सुरू करतेस, पुन्हा थांबतेस. तिसऱ्यांदा थांबल्यावर विचारतेस, ‘तू नाई म्हनत?’

‘मी माझ्या शब्दांत प्रार्थना करतो, माय.’

‘कर ना. तुह्यी तू कर.’

मी केली. चांगली लांबलचक केली. ती संपल्यावर, शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहावं इतक्या मोठ्याने, तू ‘आमेन’ म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. तुझ्या आत्म्यासाठी प्रार्थनेची मिस्साही मी फादरांकडे मागितली नाही.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, पुलगावला गेलो. कबरीवरचं गवत काढायला जातोय, असं स्वतःला सांगितलं. होस्टेलात तुझ्याबरोबर पोळ्या शेकणारी मावशी तिथे मेणबत्त्या लावत होती. ‘सापडला का रस्ता?’ म्हणाली. ‘तुह्या मायजवळ दरवर्षी मीच मेणबत्ती लावत आली, ठाऊक आहे का?’ मग तिने नमो मरिया सुरू केली, अर्ध्यावर आली, थांबली. आणि उरलेला भाग माझ्या तोंडून बाहेर पडला. विश्वास परत आला म्हणून, की सवय म्हणून, की मावशीपुढे लाज वाटली म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जपमाळेतल्या दहाच्या दहा म्हटल्या. आठ वर्षांपूर्वी एक पुरली असती.

तेव्हापासून रविवारी जातो. बायकोला तिच्या फेलोशिपच्या सभेला सोडतो आणि पुढे चर्चला.  उतरताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवते, तो गरजेपेक्षा जास्त वेळ राहतो. फादर म्हणाले, बाप्तिस्मा आहेच तुमचा, कन्फेशन करा आणि या. केलं. बराच वेळ लागला. अहंकार सांगितला, तुला वचनांनी गप्प केलं ते सांगितलं, मिस्सा मागितली नाही ते सांगितलं. त्यांनी क्षमा उच्चारली आणि मी ख्रिस्तप्रसाद घ्यायला लागलो.

ती दुपार मात्र सांगितली नाही. विसरलो नव्हतो, जिभेवर होती. फादर चांगले आहेत, त्यांनी दोन मिनिटांत क्षमा दिली असती. पण माझ्याकडे वळलेला, वाट बघणारा तुझा चेहरा त्या दुपारीच आहे. इतर दिवसांचे तुझे चेहरे मला आता नीट आठवत नाहीत. ती दुपार धुऊन निघाली तर तू कुठे सापडशील, या भीतीने मी ती मागे ठेवली. जाणूनबुजून एक पाप मागे ठेवून प्रसाद घेणं हे त्याहून मोठं पाप आहे, हे मला कळतं. हे फादरांना सांगायला हवं होतं. लिहिलं तुला, आणि ही वही आता कपाटात जाईल. येत्या रविवारीही मी प्रसादाच्या रांगेत उभा राहणार आहे.