गिरणीच्या भिंतीतली भोकं

कोल्हापूर, मंगळवार, वैशाख वद्य चतुर्थी

आज बारा भोकं बुजवली. माझ्या हातानं. नदीकाठच्या बंद पडलेल्या तेलगिरणीचं मंगल कार्यालय होतंय, आणि गवंडी मी.

ही भोकं आमच्या आबांनी गिरणी बांधताना भिंतीच्या बुडाशी मुद्दाम ठेवलेली. पंचगंगेला पूर आला की पाणी त्यातनं आत यायचं, ओसरलं की त्यातनंच जायचं. आत-बाहेर पाणी सारखं, म्हणून भिंतीला रेटा बसायचा नाही. मशिनं भिजायची, पण भिंत उभी राहायची.

सकाळी धाकट्या मालकांना म्हणालो, "मालक, भोकं ऱ्हाऊ द्या की. पुरात भिंत जाईल."

ते हसले. "मिस्त्री, पुराच्या दिवसांत लग्नं असत्यात व्हय? आषाढी झाली की मुहूर्त बंद. भोकातनं उंदरं येत्यात, बुजवून टाका."

मग मला इंजिनिअरशेजारी खुर्चीवर बसवलं, चहा दिला. त्या आवारात आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळाली. आणि मी गप्प बसलो. का बसलो? एका खुर्चीसाठी? थू! आबा असते तर थापी फेकून चालते झाले असते.

शेवटचं भोक बुजवताना वॉचमन हसनभाई आला. खुशीत होता. मालकांनी त्याला राहायला खोली दिलीय, याच भिंतीला लागून. म्हणाला, "मिस्त्री, चांगलं लिंपा हं. पावसाळाभर आमी नवरा-बायकू हितंच झोपणार हाय."

मी सिमेंटचा आणखी एक थर दिला.