जाड टायरांवरची सुटका

४ मार्च, सोमवार

अखेर खोकं आलं. जाड टायरांची इलेक्ट्रिक सायकल. एकेक टायर माझ्या मांडीएवढा. वजन तेहतीस किलो. खोकं पहिल्या मजल्यावर चढवताना कंबरेने काहीतरी सांगितलं, मी ऐकलं नाही.

अकरा वर्षं साडूंच्या गाडीतून ऑफिसला जातोय. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वर ऑफिसात माझे साहेब. सकाळी सव्वानऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत एकच माणूस मला शहाणपण शिकवतो. माझ्या बाजूची काच किती खाली करायची, हेसुद्धा तेच ठरवतात. आता बास.

५ मार्च, मंगळवार

साडूंना सांगून टाकलं. उद्यापासून येणार नाही, म्हणालो. तुमच्या गाडीत जीव गुदमरतो, असंही म्हणालो. (हे ठरलेलं नव्हतं. ओघात आलं.) अकरा वर्षांत पहिल्यांदा उरलेला रस्ता शांततेत गेला. वाटली होती तेवढी मजा नाही आली.

घरी आल्यावर लक्षात आलं की सायकल अजून खोक्यात आहे. उद्यापासून रजा.

७ मार्च, गुरुवार

जोडणी पूर्ण! मॅन्युअल चाळीस पानी. ती नवख्यांसाठी असतात.

डावं पेडल बसेना. सासरे, म्हणजे मामा, आमच्याकडेच राहतात. तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. खाटेवरून म्हणाले, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जावईबापू, उलटं फिरवा. मामांबद्दल आदर आहे, पण त्यांचं यंत्रज्ञान जुनं. पान्यावर उभा राहिलो. बसलं. किंचित तिरकं बसलं, पण पाऊलही माणसाचं तिरकंच असतं.

एक वायर उरली. हँडलपाशी लोंबत होती. कंपनीने जास्तीची दिली असावी. चिकटपट्टीने बांधून ठेवली.

ही म्हणाली, उरलेली वायर बाबांना दाखवा ना. मी म्हणालो, सगळ्या गोष्टी सगळ्यांना दाखवायच्या नसतात.

९ मार्च, शनिवार

हवा भरली. मामांचं म्हणणं, या टायरांना हवा कमी लागते, टायरवर आकडा लिहिलाय. एवढा मोठा टायर आणि हवा कमी? दगडासारखा टणक होईपर्यंत पंप मारला. फाटकापर्यंत चालवून पाहिली. रस्त्यातल्या फरश्या दातांनी मोजल्या. सस्पेन्शन हळूहळू सैल होईल.

पुढचा ब्रेक चिरकत होता. चिरकणाऱ्या गोष्टीला तेल, एवढं तर कुणालाही कळतं. चाकाजवळच्या चकतीला दोन्ही बाजूंनी भरपूर लावलं. मागच्यालाही लावलं, भेदभाव नको. आवाज पूर्ण बंद. ब्रेकसुद्धा जरा मऊ झाला. एकंदर गाडी सुसंस्कृत वाटते.

सोमवारपासून स्वतंत्र. रोज अर्धा तास आधी निघायचं. पोट महिनाभरात आत.

११ मार्च, सोमवार. दुपारी तीन, घरी

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण ऑफिसात ते वेगळं सांगितलं जाणार.

ऑफिसच्या वाटेवरच्या चढाच्या आधीच डावं पेडल गळून पडलं. हरकत नाही, मोटर होती. हँडलवरचा थ्रॉटल पिळून धरला, चढ सरसर चढलो. वाऱ्यात शर्ट फुगला होता. खरंच सांगतो, त्या पाच मिनिटांत मी कुणाचाही साडू नव्हतो.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरलो आणि कळलं की थ्रॉटल सोडला तरी गाडी थांबत नाही. (मॅन्युअल आत्ता पाहिलं. थ्रॉटल बराच वेळ एका जागी धरला तर गाडी तोच वेग पकडून ठेवते. ब्रेक दाबला की सोडते. ब्रेककडून तसा निरोप एका वायरने येतो. वायरचं चित्र दिलंय. ओळखीची वाटली.)

ब्रेक दाबले. ते सुसंस्कृतच राहिले.

बाहेर उतार, आत भिंत. मधल्या बागेभोवती गोल फिरण्यावाचून मार्ग नव्हता. तिसऱ्या फेरीला खिडक्या उघडल्या. चौथ्या फेरीला साडू गाडीतून उतरले आणि ओरडले, बंदचं बटण दाब, डाव्या हाताखाली आहे! त्यांचा सल्ला घ्यायचा नाही, हे मी मंगळवारीच ठरवलेलं. आणखी सहा फेऱ्या मारल्या. वॉचमनने आधी सलाम केला होता, नंतर नुसतं बघणं सुरू केलं.

अकराव्या फेरीला बटण दाबलं. स्वतःच्या निर्णयाने. पण तेव्हा मी वळत होतो आणि बॅलन्स गेला. मेंदीच्या कुंपणात पडलो. साडूंनी हात दिला. त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर टायपिस्ट बसलेला होता. माझी काच त्याने पूर्ण खाली केली होती.

१३ मार्च, बुधवार

गुडघा सुजलाय. सायकल टेम्पोने घरी आली. मामांनी विचारलं, हात लावू का? मी म्हणालो, बघा, वेळ जात नसेल तर.

त्यांनी चकत्या स्पिरिटने पुसल्या, ब्रेकचे गुटके बदलले, वायर जोडली, हवा काढली. आटे चेपलेल्या पेडलच्या दांड्याऐवजी नवा आणवला आणि पेडल उलटं फिरवून दोन बोटांनी बसवलं. मी शेजारी बसून मार्गदर्शन केलं. मध्येच म्हणाले, पाना द्या. एवढंच बोलले. हा माणूस दिवसभर खाटेवर बसतो ते त्याला कुणी काही विचारत नाही म्हणून, असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी दुसरा पाना मागितला आणि विषय राहिला.

१७ मार्च, रविवार

हिने फाटकापर्यंत चालवली. मग चौकापर्यंत. मग अर्धा तास दिसलीच नाही. परत आली तेव्हा केस विस्कटलेले, हसत होती. मामांना म्हणाली, बाबा, लोण्यासारखी चालते. दवाखान्यात रिसेप्शनला आहे ती, चालत जाते. उद्यापासून सायकलने जाणार. माझं ऑफिस वाटेतच आहे.

गुडघ्यामुळे मी तूर्त कॅरियरवर बसायचं ठरलं. तात्पुरतं. मागून ब्रेकवर लक्षही राहतं.

२० मार्च, बुधवार

तीन दिवस कॅरियरवर. पाय कुठे ठेवायचे ते अजून सापडलेलं नाही.

आज चढावर मोटर कण्हायला लागली. वेग चालण्याइतका झाला. ही पुढे बघत दवाखान्यातलं काहीतरी सांगत होती. म्हटलं, जरा भार कमी करावा. हळूच उतरलो. वर थांबेलच.

थांबली नाही. चढ संपल्यावरही तिचं बोलणं ऐकू येत होतं, मग तेही येईना. ऑफिसला लंगडत पावणेअकराला पोचलो. साडूंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

संध्याकाळी ही मामांना सांगत होती की आज चढानंतर गाडी एकदम हलकी झाली. मामा म्हणाले, चेनला तेल आता बरोबर लागलं असेल.

मी तिथेच गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो.