यादीत नसलेलं दुकान

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुझ्या शिलाई मशीनचा आवाज मध्ये येतो आणि तू मशीन काही थांबवत नाहीस, म्हणून पत्र. सोबत दोन पँटी आहेत. धोब्याने आटवल्या. कमरेत जरा सैल करून पाठव. घाई नाही, पण पुढच्या सोमवारपर्यंत हव्यात.

आता बातमी. गावाच्या मध्यभागातल्या आपल्या जुन्या बाजाराचं पुनरुज्जीवन करायचं काम आमच्या कार्यालयाकडे आलं आहे. संचालकबाईंनी ते माझ्याकडे दिलं, कारण मी तिथेच लहानाचा मोठा झालो. संध्याकाळी सातनंतर तिथे चिटपाखरू नसतं, हे बैठकीत मीच ठासून सांगितलं. आता तिथे दिवे लागतील, संगीत येईल, लोक जेवल्यावर घराबाहेर पडतील.

पँटींखाली फॉर्मांचा गठ्ठा आहे. तुझ्या दुकानात सगळी गल्ली येते, तेव्हा भरून घ्यायचं काम तुझ्याकडे. प्रश्न एकच: ‘आपल्या बाजारात आपल्याला कोणते व्यवसाय आणि संध्याकाळनंतरच्या कोणत्या सोयी हव्या आहेत?’ हा प्रश्न मी स्वतः तयार केला, त्याला तीन बैठका लागल्या. तूही मोकळेपणाने लिही. तळमजल्यावरच्या सगळ्या गाळ्यांचे करार जूनअखेर संपतात आणि नवे करार लोकांच्या मागणीप्रमाणे होतील. तुझ्या बाबतीत ही निव्वळ औपचारिकता आहे. नकाशाही पाठवतो, तुझं दुकान लाल रंगात दाखवलं आहे. पुढच्या महिन्यात पाहणीला मी स्वतः येतोच आहे.

कळावे. लोभ आहेच, तो पँटी बघून कमी होऊ नये.

तुझा
ढब्बू


ता. १७ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

धोब्याला उगाच बदनाम करू नकोस. धोब्याने आटवलेली पँट लांबीलाही आटते, तुझी नेमकी कमरेतच आटली आहे. शिवणीतलं जादा कापड सगळं सोडलं, तेही पुरेना, म्हणून मागे त्याच रंगाची पट्टी जोडली आहे. पुढच्या वेळी पट्टी नाही, पडदाच जोडावा लागेल. बायकोला सांग, तुला जिन्याने पाठवत जा.

नकाशा पाहिला. माझं दुकान तू पाण्याच्या टाकीशेजारी दाखवलं आहेस. टाकी पाडून नऊ वर्षं झाली. दुकान कोपऱ्यावर आहे, दोन खिडक्यांचं. अकरा वर्षांपूर्वी तू शेवटचा आलास तेव्हाही ते तिथेच होतं.

तुझे फॉर्म बटणांच्या डब्याशेजारी ठेवले आणि काय सांगू, गल्लीला नुसता ऊत आला. शेजारच्या सलूनवाल्याला गच्चीवर नाचायची जागा हवी आहे. त्याचे गुडघे असे की तो गिऱ्हाईकाला खुर्चीसकट फिरवतो, स्वतः फिरत नाही. वरच्या मजल्यावरचे मास्तर, जे आठनंतर कुणी खोकलं तरी खिडकीतून ओरडतात, त्यांनी जिवंत संगीत मागितलं आहे; कंसात लिहिलं आहे की ते साडेआठला बंद व्हावं. घड्याळजींना बिअर मिळेल अशी जागा हवी, पण खुर्चीला पाठ हवी आणि बायकोला पत्ता लागता कामा नये. पावाच्या दुकानातल्या बाईंना रात्री उघडं असणारं पुस्तकांचं दुकान हवं आहे, जिथे पुस्तक न घेताही बसता येईल. त्या पहाटे तीनला उठतात, त्यामुळे रात्री त्या तिथे नेमक्या काय वाचणार ते त्यांनाच ठाऊक.

मी काय लिहिलं ते सांगते, हसू नकोस. मी लिहिलं की संध्याकाळी मशीन झाकल्यावर जाऊन बसता येईल अशी एक जागा असावी. पियानो असावा, वाईनचा एक पेला मिळावा, आणि एकट्या बाईला ‘कुणाची वाट बघताय’ असं कुणी विचारू नये. लिहिल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण खोडलं नाही.

कळावे. लोभ असू दे, पोट आवर.

ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी कुणाच्या लक्षात आली नाही. सोबत सुटाची पँट आहे, उद्घाटनाच्या दिवशी लागेल. या महिन्यात यायचं जमलं नाही, बैठकांनी पिट्ट्या पाडला.

फॉर्मांचा निकाल लागला. एकूण चारशे बारा आले, संचालकबाई खूश आहेत. संगीतासह कॉफी आणि वाईन अडतीस टक्के, गच्चीवरचं नृत्य बावीस, रात्रीचं पुस्तकांचं दुकान सतरा. आता जे सांगतो ते शांतपणे वाच. कपडे दुरुस्ती शून्य. केस कापणे शून्य. घड्याळं शून्य. पाव आणि औषधं यांनाही मागणी नाही, हे पाहून संचालकबाईसुद्धा चकित झाल्या. ज्या व्यवसायाला पाच टक्क्यांपेक्षा कमी मागणी त्याचा करार पुढे चालू ठेवायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. तुझा गाळा दोन खिडक्यांचा, म्हणून पियानोची जागा तिथेच सुचवली गेली. सुचवणारा मी नव्हतो, मी फक्त टिपण लिहिलं.

मी बाजू मांडली. पण बाईंनी तुझाच फॉर्म पुढे ठेवला. ताई, अगं चारशे बारा लोकांत निदान तू तरी स्वतःचं दुकान लिहायचंस! आता माझे हात बांधलेले आहेत. एका परीने बघितलं तर तुला हवी होती ती जागा तुझ्याच दुकानात होते आहे. तू आमच्याकडे राहायला ये. हिची काही हरकत नाही. इस्त्रीच्या टेबलाची खोली रिकामी करता येईल.

कळावे. लोभ असावा, हे आज जरा घाबरतच लिहितो.

तुझा
ढब्बू


ता. २४ मार्च

ढब्बू,

आशीर्वाद आज नाहीत.

बत्तीस वर्षं मी त्या दोन खिडक्यांच्या उजेडात सुई ओवली. तुझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा शर्ट तिथे शिवला. आणि तू मला टक्केवारी पाठवतोस, वर इस्त्रीच्या टेबलाची खोली! दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागची आईची पाटी आठवते का? संपेल ते खडूने लिहायचं, बाजारातून आणलं की पुसायचं. बरणी भरलेली असताना तू एकदा साखर लिहून ठेवली होतीस आणि आईने तुझा कान असा पिळला की तू दोन दिवस मान वाकडी करून हिंडत होतास. घरात आहे ते पाटीवर लिहायचं नसतं. गल्लीत घरोघरी हीच पद्धत होती, मास्तरांच्या घरी ती पाटी आजही लटकते आहे. आता मला सांग, अशा गल्लीला तू काय हवं म्हणून विचारलंस तर ती काय लिहिणार? पाव? तो रोज सकाळी मिळतो. शिंपीण? ती समोर बसली आहे, तिच्याच पेनाने फॉर्म भरतोय. सगळ्यांनी नसेल तेच लिहिलं आणि तुम्ही दीडशहाण्यांनी असेल त्याच्यावर काट मारली. बाकीच्यांचं सोड. तू त्याच पाटीखाली वाढलास आणि तीन बैठका घेऊन हाच प्रश्न काढलास!

आता ऐक. मास्तर म्हणतात की निकालावर हरकती मागवाव्या लागतात. तेच फॉर्म, त्याच प्रश्नासकट, पुन्हा पाठव. एक अक्षर बदलू नकोस. येत्या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत, आठ दिवस, मी, सलूनवाला, घड्याळजी आणि पाववाल्या बाई दुकानं बंद ठेवतो आहोत. संपल्याशिवाय पाटीवर येत नाही ना, मग घ्या, आम्ही संपलो.

तुझ्या सुटाची पँट कमरेत उसवून ठेवली आहे. दुकान बंद असल्याने शिवून मिळणार नाही.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

ताई


ता. ९ एप्रिल

चि. ढब्बूस,
आशीर्वाद, पण निम्मेच.

फॉर्म भरून पाठवते आहे. आठ दिवसांत या गल्लीची जी दैना झाली ती बघायला तू असायला हवा होतास. दुसऱ्या दिवशी मास्तर पाव आणायला नदीपलीकडे गेले आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतले. चौथ्या दिवशी बँकेतला कारकून स्टेपलरने बाही टाचून कामावर गेला. सहाव्या दिवशी एक नवरी मुलगी दारात रडत उभी राहिली, कारण झगा एक वीत लांब झाला होता. तिचं काम मी मागच्या दाराने आत घेऊन केलं. संपावर असले तरी मी माणूस आहे. हे तुमच्या टिपणात लिहू नकोस.

सलूनवाल्याची गिऱ्हाइकं कपाळावरचे केस फुंकून वर उडवत हिंडत होती. नाचाच्या गच्चीची आठवण कुणालाच आली नाही, खुद्द त्यालासुद्धा.

कळावे. बाकी लोभ निकाल बघून पाठवीन.

ताई


ता. २ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल: कपडे दुरुस्ती एक्क्याण्णव टक्के, पाव अठ्ठ्याऐंशी. एका फॉर्मावर फक्त ‘बटण’ असं लिहून खाली तीन रेघा ओढल्या होत्या.

आमची समिती हरखून गेली. कपडे दुरुस्तीला एवढी मागणी असूनही हा व्यवसाय तिथे नाही, याबद्दल बाईंनी खेद व्यक्त केला. तुझ्या गाळ्यासाठी नव्या व्यावसायिकांकडून अर्ज मागवायचं ठरलं. मी सांगितलं की तिथे शिंपीण आहे. त्यावर उत्तर मिळालं की जुन्या व्यावसायिकांना अर्ज करता येणार नाही, कारण ते आधीपासूनच आहेत. ताई, मी अठरा वर्षं या टेबलावर बसतो आहे आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा हसावं की रडावं ते कळेना.

रात्री नियमांचं पुस्तक काढलं. सलग सात दिवस बंद असलेला गाळा रिकामा धरावा आणि जुना करार संपला असं समजावं, असा नियम निघाला. म्हणजे तुम्ही आठ दिवस बंद ठेवून चौघांनीही आपापली दुकानं घालवलीत. वाचून मला घाम फुटला. मग लक्षात आलं की दुकान गेलं, तर माणूस नवा झाला. दुसऱ्या दिवशी तुम्हा चौघांचे अर्ज मीच भरून समितीपुढे ठेवले. उभा राहिलो तेव्हा पँटीच्या कमरेला तीन पिना होत्या, त्यातली एक बोलता बोलता सुटली आणि मी ती टोचत असतानाच बोललो. मंजूर झालं. तू आता या बाजारातली ‘नवीन उद्योजिका’ आहेस. अनुभवाचा रकाना कोरा ठेवला आहे, अनुभव दिसला तर अर्ज बाद होईल. अट एकच, दुकान आठवड्यातून तीन दिवस रात्री दहापर्यंत उघडं हवं.

पाटी मला आठवायला हवी होती. तीन बैठका झाल्या आणि एकदाही आठवली नाही, याची मला फार लाज वाटते.

पुढच्या महिन्यात नक्की येतो. कळावे. निम्मे आशीर्वाद पुरे पडत नाहीत, कमरेच्या कापडासारखेच.

तुझा
ढब्बू


ता. १४ जुलै

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. या वेळी पूर्ण.

दारावर तुमच्या कार्यालयाची फीत लावून माझ्या दुकानाचं उद्घाटन झालं. कापायला कात्री माझीच नेली. संचालकबाईंनी भाषणात मला धाडसी तरुण पिढीची प्रतिनिधी म्हटलं. माझं वय सत्तावन्न आहे हे सांगायला सलूनवाला उठत होता, त्याला मास्तरांनी खाली बसवलं. मग बाईंनी हळूच कोटाचं अस्तर शिवून मागितलं. तू येणार होतास, तुझी तार आली. बैठक होती म्हणे.

पियानोची जागा समोरच्या बंद पडलेल्या गोदामात निघाली आहे. पियानो खरा आहे, वाजवणारा नाही. गाणी भिंतीतून येतात. परवा मशीन झाकून मी गेले. खिडकीपाशी बसले, वाईनचा पेला आला, बरं वाटत होतं. तेवढ्यात तिथला आदबशीर माणूस वाकून म्हणाला की कुणाची वाट बघताय का. मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते, पण तोंडून निघून गेलं की हो, भावाची. त्याने समोर दुसरा पेला आणून ठेवला. तो तसाच राहिला.

काल तुमचा नवीन फॉर्म आला. पुनरुज्जीवनानंतर आता आपल्याला आणखी काय हवं आहे, असं विचारलं आहे. हाही प्रश्न तुझाच असणार. मी आईच्या पद्धतीने भरला. एकच ओळ लिहिली: भाऊ, अकरा वर्षांपासून शिल्लक नाही. टक्केवारी किती येईल ते तू बघ.

सुटाची पँट शिवून तयार आहे, खिडकीजवळच्या खुंटीला टांगली आहे. टपालाने पाठवणार नाही. माप अंगावर घेतल्याशिवाय मी आता तुझं काम करत नाही. नकाशा घेऊन येऊ नकोस, चुकशील. कोपऱ्यावर ये, दोन खिडक्या दिसतील.

कळावे. लोभ भरपूर आहे, म्हणूनच तो यादीत लिहिला नाही.

ताई